नारिंगी दिवा

कुडचड्यात, पोदेराच्या भट्टीच्या वर
आमचा स्टुडिओ.
खाली पाव फुगतात, वर लग्नं.
हे एक चारशे जीबीचं: तीन कॅमेरे, एक ड्रोन,
आणि मिंगेल अंकलचा टोस्ट,
जो घरचं कुणीच कापू देत नाही.

नवरा तारवटी. पहाटे दाबोळीहून विमान,
मग आठ महिने जहाज.
"सगळंच दे," म्हणाला, "न कापलेलं.
तिथं वेळच वेळ असतो."
डिस्क न्यायला तीनला येणार होता.

फुटेज आन्सेल्मच्या मशीनवर, पलीकडच्या खोलीत.
डिस्क माझ्या मशीनला, अलीकडे.
मधे भिंत, भिंतीत भोक, भोकातून केबल.
मी कॉपी लावली. पडद्यावर आलं:
सेकंदाला अकरा एमबी. दहा तास बाकी.
घड्याळात सात.

आन्सेल्म म्हणाला, "जातलें गो."
सहा वर्षं तो हेच म्हणतोय.

सहा वर्षं मी दोष देत आले
विंडोजला, अँटिव्हायरसला, वीज खात्याला,
सावर्ड्याच्या ट्रकांमागून येणाऱ्या तांबड्या धुळीला.
भिशी लागली तेव्हा नवी डिस्क घेतली. अकरा.
रॅम वाढवली. अकरा.
बारक्या फाइलींची एकच मोठी मोट बांधून पाहिली,
तरी अकरा.
शेवटी त्या अकराला मी दीरासारखं वागवू लागले:
जेवण झाकून ठेवायचं,
येईल तेव्हा येईल.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच
टेबलाखाली शिरून यंत्रांची पाठ पाहिली.
स्विचवर दोन दिवे.
आन्सेल्मच्या मशीनचा हिरवा,
माझ्याकडे येणाऱ्या तारेचा नारिंगी.
नारिंगी मला आवडायचा. शोभेचा वाटायचा.
डबीच्या पोटावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं:
हिरवा म्हणजे हजार,
नारिंगी म्हणजे शंभर.

केबलच्या पोटात आठ तारा, दोन दोन वळलेल्या.
हजाराला आठही लागतात, शंभराला चार पुरतात.
दोन्ही टोकं आधी हजार जमतंय का बघतात,
नाही जमलं की मुकाट शंभरावर येतात
आणि तक्रार कुठेच लिहून ठेवत नाहीत.

भिंतीतल्या भोकात उंदराने
एक तपकिरी तार कुरतडली होती. एकच.
चौघी राबत होत्या.
उरलेल्या तिघी, धडधाकट,
सहा वर्षं नुसत्या बसून.

फुर्तादच्या दुकानाचं शटर अर्धं उतरलेलं.
वाकूनच मागितली: कॅट सिक्स, दहा मीटर.
तीनशे वीस रुपये.
भोकातून न्यायला वेळ नव्हता,
दारातून आणली, उंबऱ्यावरून, चपलांच्या मधून.
टक.
दिवा विझला. मी श्वास धरला.
हिरवा.

एकशे बारा.
आकडा दोनदा वाचला, मग आन्सेल्मला वाचायला लावला.
तासाभरात सगळे भिंत ओलांडून आले:
बँडवाले, करवल्या, पावसाने वाकलेली कमान,
मिंगेल अंकल, ग्लास उंच धरून, सलग बावीस मिनिटं.

नवऱ्याला फोन केला, तर ओल्या केसांनीच आला.
डिस्क तळहातावर तोलून पाहिली,
जणू भरल्यावर जड झाली असावी.

मग मी हिशेबाला बसले.
हंगामात आठवड्याच्या चार रात्री, गुणिले
सहा वर्षं, गुणिले
आन्सेल्मने कॅल्क्युलेटर उलटा करून ठेवला.
"घरा वच," म्हणाला.

जिना उतरले. नऊसुद्धा वाजले नव्हते.
पोदेर पीठ मळत होता. "आज लवकर?"
भट्टी अजून पेटायची होती.
तिच्या तोंडाशी हात धरून पाहिला.
गार.
मला वाटायचं, ती कधी विझतच नाही.